जुनं लोखंड: पितळी घेऊ की पोलादी?

दिवाळी अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की बोटीवर इंजिनियर असताना ह्यूस्टनला डॉकमध्ये तीन आठवडे अडकलो होतो आणि तिथल्या एका मित्राबरोबर काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर चालवलं होतं. झालं, यावेळच्या टपालात शिवणयंत्रं, स्टोव्ह, भिंतीवरची घड्याळं सगळी मागे पडली आणि पत्रांचा हा ढीग बंदुकांचाच. एका काकूंनी तर 'काळी दारू' वाचून मला दारू सोडण्याचा सल्लाही पाठवलाय, त्यांचे आभार, पण काकू ही दारू वेगळी, सोरा, गंधक आणि कोळसा यांची. असो. चार प्रश्न घेतलेत, पहिल्याला जरा जास्त जागा लागणारे.

प्रश्न: माझा मोठा भाऊ २० वर्षांपासून टेक्सासमध्ये आहे, आता तिथलाच नागरिक झालाय. पन्नाशी उलटल्यावर त्याला जुन्या पद्धतीचं, म्हणजे दारू भरून वरून गोळी ठासायची असं रिव्हॉल्व्हर घ्यायचं खूळ लागलंय. रोज रात्री मला फोटो पाठवतो. एक पितळी चकचकीत आहे ते स्वस्त, एक काळं आहे ते महाग, आणि एक एवढं मोठं आहे की वहिनी म्हणाली हे घरात आलं तर मी मुंबईला निघून जाईन. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी तुमचं सदर वाचते म्हणून तो म्हणाला त्या काकांना विचार. पहिल्यांदाच घेणाऱ्यानं कुठलं घ्यावं, आणि पॉइंट ३६ की पॉइंट ४४? (विलेपार्ले)

ताई, मॉडेल बिडेल नंतर बघू, आधी भावाला एक विचारा. रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरून, दमून घरी आल्यावर तासभर सिंकपाशी उभं राहून घासकाम करायची तयारी आहे का? हसू नका, अख्ख्या प्रश्नाचं उत्तर इथेच अडकलंय. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, काजळी आणि क्षार होतो, काही धुरातून जातो आणि उरलेला नळीत, सिलिंडरमध्ये (सहा खणांचा फिरता भाग, दारू-गोळी यातच भरायची), घोड्याच्या (मागून ठोका देतो तो) खाचेत सगळीकडे बसतो, आणि ते क्षार हवेतली ओल ओढून घेतात. आम्ही त्या दिवशी रेंजवरून निघालो, मित्र म्हणाला आधी जेवू, घरी मटण होतं, मग गप्पा, मग झोप. सकाळी पेटी उघडली तर नळीच्या तोंडाशी नारिंगी रंगाची पूड धरलेली. एका रात्रीत! तिथली, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरची दमट हवा आपल्या जुलैपेक्षा फार वेगळी नसते. तेव्हापासून माझं मत असंच झालंय की पहिलं रिव्हॉल्व्हर निवडायचं ते साफ करायला सगळ्यात सोपं असेल ते, दिसायला कसं आहे ते दुय्यम.

आता त्या फोटोंकडे येऊ. तो काय काय पाठवत असेल ते मला इथे बसून दिसतंय. या जगात दोनच मोठी घराणी आहेत, कोल्ट आणि रेमिंग्टन, आणि आज बाजारात मिळतात त्या बहुतेक सगळ्या त्यांच्या नकला, इटलीत ब्रेशियाच्या आसपास बनणाऱ्या. पिएता आणि उबेर्ती ही दोन नावं भावाला सारखी दिसत असतील, दोन्ही चालतील, त्यावरून रात्री जागवू नका म्हणावं.

कोल्टचं म्हणाल तर सॅम्युअल कोल्ट १६ वर्षांचा असताना १८३० मध्ये कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला होता, आणि म्हणतात की जहाजावरचं फिरतं चक्र बघून त्याला फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली, तिथेच त्यानं लाकडाचं मॉडेल कोरलं. खरं असो नसो, बोटीवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ती गोष्ट आवडते. पेटंट १८३६ चं. त्याचं १८५१ चं नेव्ही मॉडेल म्हणजे पॉइंट ३६ (नळीच्या भोकाचं इंचातलं ढोबळ माप), आणि १८६० चं आर्मी म्हणजे पॉइंट ४४. नेव्ही हे नाव कशावरून, तर सिलिंडरवर आरमारी लढाईचं चित्र कोरलेलं असतं, आणि ती लढाई दुसऱ्या कोणाची नाही, टेक्सासच्याच आरमाराची, १८४३ मधली काम्पेचेची. टेक्सास तेव्हा स्वतंत्र देश होता ना. हे भावाला सांगाल तर तो लगेच तेच घ्यायला धावेल, म्हणून जरा थांबून सांगा.

कोल्ट हातात घेतलं की खरंच सोडवत नाही, एवढा तोल सुरेख. पण त्याची रचना वरून उघडी. सिलिंडरच्या डोक्यावर काहीच नाही, आणि पुढची नळी बाकीच्या शरीराला जोडलेली असते ती एका पाचरीनं. हो, पाचरच, सुतार कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतो तशी, फक्त पोलादी आणि छोटी. साफ करताना दर वेळी ती पाचर ठोकून काढायची आणि परत बसवायची, जास्त आत गेली तर सिलिंडर आवळतो, कमी गेली तर नळी खिळखिळी. सवय झाली की काही वाटत नाही पण नवीन माणूस पहिल्या महिन्यात हातोडी घेऊन बसतो. दुसरी भानगड फुटलेल्या कॅपांची. कॅप म्हणजे प्रत्येक खणामागच्या निपलवर, म्हणजे बारीक भोकाच्या बोंडावर, बसवायची तांब्याची छोटी टोपी, घोड्याचा ठोका बसला की ती पेटते आणि दारूला आग देते. बार झाला की कॅपचे पातळ तांब्याचे तुकडे होतात आणि पुढच्या बाराला घोडा मागे ओढताना ते नेमके घोड्याच्या खाचेत पडतात आणि सगळं जाम. जुने लोक घोडा ओढताना नळी आकाशाकडे करतात ते स्टाइल म्हणून नाही, तुकडा मागच्या मागे खाली पडावा म्हणून.

रेमिंग्टनला सिलिंडरच्या वरून पोलादाची अखंड पट्टी असते. सांगाडा एकसंध, पाचर नाही. घोडा अर्धा ओढायचा, नळीखालचा गोळी ठासायचा दांडा खाली करायचा, मधली पिन पुढे ओढायची, सिलिंडर बाजूनं हातात येतो. संपलं. दोन निपलांच्या मधल्या भागात सिलिंडरला खाचा असतात, तिथे घोडा टेकवून ठेवता येतो. जाहिरातीत त्याला '१८५८' म्हणतात, पण तो नळीवरचा पेटंटचा सन आहे, १४ सप्टेंबर १८५८, प्रत्यक्षात हे रिव्हॉल्व्हर, खरं नाव न्यू मॉडेल आर्मी, निघालं १८६३ पासून १८७५ पर्यंत. कोणी दुकानदार इतिहास सांगायला लागला तर एवढं तोंडावर टाकायला हरकत नाही. रेमिंग्टनचा एक दोष आहे तोही सांगतो, मधली पिन बारीक असल्यामुळे काजळी धरली की सिलिंडर फिरायला जड जातो, दोन-तीन फेऱ्यांनंतर पिन काढून ओल्या फडक्यानं पुसावी लागते. कोल्टचा मधला कणा जाड आणि त्याला ग्रीस धरायला खाचा, त्यामुळे तो जास्त वेळ फिरत राहतो. पण दोन मिनिटांचं पुसणं आणि पाचरीशी झटापट यात मी पुसणं निवडेन.

तर माझं उत्तर, पोलादी फ्रेमचं (म्हणजे सांगाड्याचं, फोटोतलं काळं महाग ते बहुतेक पोलादीच) रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी, पॉइंट ४४. सव्वा किलोच्या आसपास वजन, हाताला भरीव लागतं, झटका मऊ. शिसं आणि दारू कमी खर्च करायची असेल किंवा हात लहान असतील तर पोलादी फ्रेमचं नेव्ही, पॉइंट ३६, तेही वाईट नाही, मला तर मनातून तेच आवडतं. पण विचारलंय पहिलं कुठलं, म्हणून रेमिंग्टन.

आता ते चकचकीत पितळी. ताई, तुमच्या घरी चकलीचा सोऱ्या आहे ना, त्याच्या चकतीला चांदणीचं भोक असतं. माझ्या मित्राचं पहिलं रिव्हॉल्व्हर असंच पितळी फ्रेमचं होतं, पॉइंट ४४, आणि तो गडी प्रत्येक वेळी दाबून दारू भरायचा, आवाज मोठा येतो म्हणून. दोनेक वर्षांनी आम्ही सिलिंडर काढून मागे बॅटरी मारून पाहिली तर मागच्या पितळेवर सिलिंडरच्या दात्यांचा ठसा, अगदी त्या चांदणीसारखा, खोल उमटलेला. म्हणजे दर बाराला पोलादी सिलिंडर मागे आदळतोय आणि पितळ थोडं थोडं दबतंय. मग सिलिंडर पुढेमागे हलायला लागतो, नळी आणि सिलिंडरमधली फट वाढते, कॅपवर नीट ठोका बसत नाही. दुरुस्ती अशी काही नाही. पितळी रिव्हॉल्व्हर इतिहासात होती, अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे लोखंडाची टंचाई म्हणून जॉर्जियात ग्रिझवोल्ड अँड गनिसन नावाचा कारखाना तशी बनवायचा, पण ती पॉइंट ३६ ची. पॉइंट ४४ चं पितळी 'नेव्ही' हे आजच्या बाजाराचं अपत्य. भिंतीवर लावायला घेणार असेल तर खुशाल घेऊ दे, चालवायचं असेल आणि घेऊन बसलाच असेल तर कायम हलका बार, म्हणजे दारू कमी, बस. पैसे वाचवायचेत तर सेकंडहँड पोलादी बघ म्हणावं. इटालियन मालावर चौकटीत दोन अक्षरं ठोकलेली असतात ती बनल्याच्या वर्षाची खूण, ती वाचायची. नळीत उजेड धरून आत खड्डे आहेत का बघायचे, घोडा सावकाश ओढून सिलिंडर प्रत्येक खणाला घट्ट अडकतो का बघायचं, सहाच्या सहा खणांना, आणि निपलची टोकं चपटी झालीत का तेही. आणि हे सगळं करायच्या आधी रिकामं आहे याची स्वतः खात्री, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही.

वहिनी ज्याला घाबरल्या ते बहुतेक १८४७ चं वॉकर असणार. टेक्सास रेंजर्समध्ये नाव काढलेल्या कॅप्टन वॉकरच्या सांगण्यावरून कोल्टनं बनवलं, दोन किलोच्या वर वजन, साधारण ११०० नग बनले. एका खणात इतरांच्या दुप्पट दारू मावते आणि बार झाला की खालचा ठासायचा दांडा झटक्यानं आपोआप खाली पडतो, तेव्हाही पडायचा, लोक चामड्याच्या वादीनं बांधून ठेवायचे. पहिलं म्हणून हे घेणं म्हणजे गाडी शिकायला ट्रेलर घेणं. वहिनींना सांगा मी त्यांच्या बाजूनं आहे. आणि कोणी रुगर ओल्ड आर्मी दाखवलं तर ते मात्र दणकट, त्यातलं स्टेनलेस मिळालं तर साफसफाईचा निम्मा त्रास वाचतो, पण १९७२ ते २००८ एवढंच निघालं, आता जुनंच मिळतं आणि विकणारे त्याचा पुरेपूर भाव घेतात.

एकट्या रिव्हॉल्व्हरवर भागत नाही हे दुकानात कोणी आधी सांगत नाही. दारू मोजायचा फ्लास्क, निपल काढायचा पाना, कॅप लावायचं छोटं यंत्र, गोळ्या, कॅप, चरबीचं वंगण, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. या सगळ्याचे पैसे आधीच बाजूला काढून मग उरलेल्यात मॉडेल बघ म्हणावं. पॉइंट ४४ ला गोळी लागते .४५१ किंवा .४५४ ची, म्हणजे खणापेक्षा किंचित मोठी, शुद्ध मऊ शिशाची. दांड्यानं ठासताना खणाच्या कडेवर शिशाची एक बारीक गोल कडी सोलून निघते, नखावर ठेवली तर बाहुलीची बांगडी वाटेल अशी. कडी पूर्ण निघाली म्हणजे गोळी घट्ट बसली. निघाली नाही तर गोळी लहान आहे, आणि इथेच धोका. एका खणाचा बार होताना शेजारच्या खणात ठिणगी शिरली तर तोही उडतो, चेनफायर म्हणतात त्याला, नळीसमोर नसलेल्या खणातून गोळी सुटते. ठिणगी पुढून शिरते की मागून सैल कॅपमधून, यावर जुनी मंडळी अजून भांडतात, आपण दोन्हीकडून बंदोबस्त करायचा. पुढे घट्ट गोळी आणि तिच्याखाली वंगण लावलेली नमद्याची चकती किंवा वरून चरबी, मागे निपलला नेमकी बसणारी कॅप, १० नंबर की ११ ते निपल बघून ठरतं.

दारू म्हणजे फक्त काळी दारू किंवा तिच्या जागी चालते असं कंपनीनं लिहिलेला पर्याय. आधुनिक बिनधुराची पावडर यात चिमूटभरही नाही, रिव्हॉल्व्हर हातात फुटेल, यात चर्चा नाही. मापाचं म्हणाल तर पोलादी पॉइंट ४४ ला साधारण २५ ग्रेन म्हणजे दीड ग्रॅमच्या किंचित वर, आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीही नाही. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये. आता बार हलका असला की गोळी खणात फार खोल जाते आणि नेम बिघडतो, मग तिथले लोक मधे काय भरतात माहितीये? रवा! खरंच सांगतो, मित्राच्या शूटिंगच्या पेटीत मी रव्याची बाटली पाहिली तेव्हा मला वाटलं याची बायको चुकून ठेवून गेली. दारूवर थोडा कोरडा रवा, त्यावर गोळी. तेव्हा पुढच्या वेळी भावानं किराण्यात रवा जास्त आणला तर वहिनींनी उपम्याची स्वप्नं बघू नयेत. सहा खण असले तरी सुरुवातीला पाचच भरायचे आणि घोडा रिकाम्या खणावर. कॅप अगदी शेवटी, रेंजवर, नळी निशाणाकडे असतानाच.

आणि मग ते सिंक. लाकडी मूठ काढून बाजूला, निपल सोडवायचे, सिलिंडर आणि नळी गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ब्रशनं घासायची, पाणी काळं येईल आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटेल, तो गंधकाचा प्रताप, घाबरायचं नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत घासायचं, कोरडं पुसायचं, मंद गरम ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवलं तर सांध्यातली ओल जाते (वहिनींना विचारून), मग तेल. आतल्या बाजूला साधं मोटारीचं तेल चोपडू नका, दारूच्या काजळीबरोबर त्याचा डांबरासारखा चिकटा होतो, चरबी-मेणाचं किंवा वनस्पती तेलाचं वंगण बरं.

एक कायद्याचं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशी ठासणीची नक्कल 'फायरआर्म' धरली जात नाही, म्हणून ती टपालानंही घरी येते. पण काही राज्यं तिला सरळ हँडगनच मानतात, म्हणून दुसऱ्या राज्यात घेऊन जायच्या आधी चौकशी कर म्हणावं. आणि रेंजलाही आधी फोन, बंद हॉलमधल्या बऱ्याच रेंजवर काळी दारू चालवू देत नाहीत, सहा बारांत समोरचा माणूस दिसेनासा होतो एवढा पांढरा धूर.

प्रश्न: काका असंच एखादं रिव्हॉल्व्हर मुंबईत घेता येईल का? अमेरिकेत लायसन लागत नाही असं व्हिडिओत बघितलं, मग आपल्याकडेही जुन्या टाइपचं म्हणून चालत असेल ना? माझं वय २२. (लालबाग)

नाही रे बाबा. तिथला कायदा तिथे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्यात स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं कुठलंही हत्यार हे अग्निशस्त्रच, मग ते १८५१ च्या नमुन्याचं असो की कालचं. कलम ४५ मध्ये जुनाट आणि पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणारच नाही अशा हत्याराला. चालतं कोल्ट त्यात बसत नाही. मुंबईत परवाना देतात पोलीस आयुक्त, २१ वर्षं पूर्ण लागतात (ते तुझं झालंय), कारण पटवून द्यावं लागतं, आणि 'मला धूर आवडतो' हे कारण नव्हे. शिवाय सामान्य माणसाला परदेशातून बंदूक आणायचा रस्ता बंदच आहे, तो नामांकित नेमबाजांसाठी थोडा उघडा आहे एवढंच. दारूला वेगळा १८८४ चा स्फोटकांचा कायदा. आणि यूट्यूबवर बघून घरी दारू बनवायचा विचारही करू नकोस, तुझ्या चाळीत अजून शंभर बिऱ्हाडं आहेत.

पण हौस मारू नको. १० मीटर एअर पिस्तूल शीक, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, ना दारू ना धूर. वरळीला रेंज आहे, क्लबांतून शिकवतात, आणि कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून तिथे आईबापच पोरांना घेऊन येतात, त्यामुळे घरी समजावणंही सोपं. चाप कसा दाबायचा, श्वास कुठे थांबवायचा, हे सगळं तिथे जे शिकशील तेच काळ्या दारूला लागतं. उलट जास्तच लागतं, कारण घोडा पडल्यापासून गोळी सुटेपर्यंत हात हलला की गेलं. पुढे कधी परदेशात राहिलास तर ठासणीवाल्यांच्या जागतिक स्पर्धा असतात, त्यात मॅरिएट नावाचा प्रकार खास या रिव्हॉल्व्हरचा, २५ मीटर, १३ बार मारायचे आणि उत्तम १० धरायचे. तेरा का, तर काळ्या दारूत तीन तरी वाया जाणार हे त्यांनी आधीच मान्य केलंय असं मला आपलं वाटतं.

प्रश्न: आमच्या संगमेश्वरकडच्या घरी माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली. डुकरं-वानरांपासून शेती राखायला त्यांनी लायसन काढलं होतं असं आई म्हणते. आजोबा जाऊन १२ वर्षं झाली. गणपतीला गेलो की मुंबईला आणून पॉलिश करून हॉलमध्ये लावावी असा विचार आहे. पॉलिश कुठलं वापरू? (कुर्ला)

पॉलिशचं राहू द्या, आधी ती जिथे आहे तिथेच ठेवा आणि पोरांना माळ्यावर चढू देऊ नका. एसटीत, गाडीत, कोकणकन्येत, कशातही घालून आणू नका. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला, आज ती बंदूक कोणाच्याच परवान्यावर नाही आणि ती घेऊन प्रवास करताना सापडलात तर 'आजोबांची आठवण' ऐकून घ्यायला तिथे कोणी थांबणार नाही.

दुसरं म्हणजे ती भरलेली आहे असंच धरून चाला. गावाकडे रात्री डुकरासाठी ठासून ठेवायची, डुक्कर आलंच नाही, बंदूक तशीच कोपऱ्यात, असं कितीदा तरी होतं, आणि कोरड्या जागी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. जाणती माणसं हे कसं ओळखतात सांगतो, गज नळीत टाकून तोंडाशी खूण करतात, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघतात, खूण तोंडाशी धरून गजाचं आतलं टोक आणि कानाचं भोक (आग आत जाते ते) यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं तर आत काहीतरी बसलंय. हे माहिती म्हणून सांगितलं, करून बघायला नाही. घोड्याला हात लावू नका, वर कॅप दिसली तर ती उचकटू नका.

करायचं ते असं. आजोबांच्या ट्रंकेत परवान्याचं पुस्तक शोधा, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केल्याची एखादी पावती असेल तर तीही. मग घरच्या मोठ्या माणसाला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात आधी नुसतं जाऊन सांगा, ते सांगतील तशी जमा करा. कलम २१ प्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, आणि वारस म्हणून नावावर करून घ्यायची असेल तर जमा ठेवूनच अर्ज करता येतो. १२ वर्षं उशीर झालाय, दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, ऐका. नळीला भोक पाडून 'निकामी' करणारे सुतार-लोहार गावात भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, आत दारू असताना ड्रिल लावलेलं मी ऐकलंय आणि पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. टिकल्यांचं पिस्तूल आणि खऱ्या रिव्हॉल्व्हरची कॅप यांचं तत्त्व एकच का, असं एका मुलानं विचारलं. (गोरेगाव)

बाई, पोरगा हुशार आहे. तत्त्व एकच, ठोका बसला की पेटायचं. मसाला वेगळा, टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस, जुन्या कॅपमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. त्याआधी चकमकीच्या बंदुका होत्या, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची, ती बाहेरच्या पेल्यातल्या दारूवर, तिथून आग भोकातून आत. यात क्षणभर जायचा आणि बाहेर भपकन जाळ दिसायचा. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे एक पाद्री होते, त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद. जाळ दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जायचे म्हणून वैतागून त्यांनी ठोक्यानं पेटणारा मसाला वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपीसारखी कॅप त्यानंतर काही वर्षांनी आली, आणि ती आली म्हणून कोल्टला सहा खणांना सहा वेगवेगळ्या ठिणग्या देता आल्या. वर्गात दाखवायचं असेल तर एक टिकली दगडावर ठेवून हातोडीनं मारा, मुलांना मागे उभं करा, आणि शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.